गिरजातले गंज

सत्यभामेचा नवरा पुंडलिक काविळीनं गेला, तेव्हा भिलाईच्या कारखान्याची धुराडी निम्मी उभी होती नि निम्मी कागदावर. तो तिथं खलाशी होता, लोखंड उचलायच्या टोळीत. मागं राहिली कॅम्पातली एक पत्र्याची खोली, दोन वर्षांची दुर्गा आणि ही बाई. ती रडली नाही. रडली असती तर शेजारपाजार तरी सुटला असता. नुसती दाराशी बसायची. पोरगी रडली तरी ते रडणं दुसऱ्या कुणाच्या घरातून येतंय, असं तिला वाटायचं.

बरं, चूल पेटत नव्हती म्हणून कोणी उपाशी राहिलं, असंही नाही. गल्लीच्या टोकाला गिरजा होता, ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर. गिरजा म्हणजे काय, ताडपत्रीचं छप्पर नि घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा. पण त्यांची रीत पक्की. कॅम्पात कुणाच्याही घरी माणूस जावो, तेलुगू असो, छत्तीसगढी असो की आपला नागपूरकडचा, गिरजामागच्या मोठ्या चुलीवरून त्या घरी गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून वरण-भात जायचाच. घेऊन यायच्या विजयाबाई. अचलपूरकडच्या, मिशनच्या दवाखान्यात वाढलेल्या, आवाज खणखणीत, माया दाखवण्यात कंजूष. "जेव वो माय," म्हणायच्या, दुर्गेला चार घास भरवायच्या नि पुढच्या घरी चालू पडायच्या.

सत्यभामेचे भासरे, पुंडलिकचे थोरले भाऊ गुलाबराव, डोंगरगडला रेल्वेत गँगमन होते. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. "आत्ता कुठं नागपूरले दीक्षा घेतली आपण. हे लोकं फुकटात कावून जेवू घालून राहिले? उद्या नाव बदलतीन तुयं." तिनं मान हलवली. विजयाबाईंनी आजवर देवाचं नावसुद्धा काढलं नव्हतं, पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

मग गुलाबरावांनी पोटातलं काढलं. त्यांना नि त्यांच्या बायकोला, हिराबाईला, मूल नव्हतं. "पोरीकडं तुयं ध्यान नाही, बाई. रविवारी येतो. तवरीक चूल पेटली तर ठीक, नाही तर दुर्गीले घेऊन जातो." माणूस वाईट नव्हता. तीच तर पंचाईत, भांडायचं तरी कुणाशी? शनिवारी सत्यभामेनं लेकीची झबली फडक्यात बांधून ठेवली. त्याचं तिला काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर विजयाबाई आल्या त्या रिकाम्या हातानं, कपाळाला आठ्या घालून. "सत्यभामा, आमचे गंज कुठी हायेत? तिकडं एका बाईचं पोरगं गेलं, अन् वरण न्याले भांडं नाही गिरजात. बादलीत नेऊ का आता?"

सत्यभामेनं खाटेखाली बोट दाखवलं. विजयाबाई वाकून पाहतात तर सगळे गंज तिथं, एकात एक, राखेनं घासून लख्ख केलेले.

"मंग आणून देल्ले कावून नाही?"

"रिकामे कसे देऊ?" सत्यभामा म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती बोलली होती.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर का होईना घालायची, हे विजयाबाईंनाही त्यांच्या आईनं शिकवलं होतं. या बाईला पोटच्या पोरीचं भान नव्हतं, पण एवढी लाज शाबूत होती. दुसरी कुणी असती तर गंज उचलून म्हणाली असती, राहू दे वो. विजयाबाई ढिम्म हलल्या नाहीत. "बरोबर हाय तुयं. मंग भर. त्या घरी आज तुयंच वरण जाईन," त्या म्हणाल्या नि दुर्गेला घेऊन दारातच बसल्या.

सत्यभामा उठली. पुंडलिकनं आणलेली तूरडाळ डब्यात तशीच होती. लाकडं सर्दली होती, चूल लवकर धरेना. डाळ शिजली, भाकरी थापून झाल्या. हात सवयीनं चालले होते आणि ती त्यांच्याकडं पाहत होती. गंज भरले. न्यायला गिरजातल्या आणखी दोघी आल्या. विजयाबाईंनी आभार-बिभार काही मानले नाहीत, पदरानं कड धरून गंज उचलला नि निघाल्या.

गुलाबराव आले तेव्हा खोली धुरानं भरलेली होती. सत्यभामा चुलीपुढं बसली होती, मांडीवर दुर्गा. वरणात कुस्करलेली भाकर ती लेकीला भरवत होती. पोरगी एक घास खायची नि दुसरा आईच्या तोंडात कोंबायची.

एका दिवसाच्या चुलीचा काय भरवसा, म्हणून गुलाबरावांनी गाठोडं उचललं. "चाल, गाडीची वेळ झाली."

"जेवून राहिली ते."

"मंग जेवल्यावर."

"जेवल्यावर झोपते."

"झोपू दे. खांद्यावर नेतो."

सत्यभामेनं मान वर केली. "उठल्यावर मले शोधते, भाऊजी." एवढं म्हटलं आणि तिला रडू आलं. पोरगी घाबरून पाहू लागली, तरी तिनं भरवणं थांबवलं नाही.

गुलाबराव गाठोडं खाटेवर ठेवून खाली बसले. "हिराले काय सांगू मी?" ते म्हणाले.

सत्यभामेनं त्यांच्यापुढं ताट वाढलं.