दौलतकाकांचं डच आमंत्रण

पूर्णा गावच्या दौलतकाकांना जमीन गोदामाला दिल्यापासून काम उरलेलं नाही, म्हणून ते सगळ्यांच्या कामात असतात. यंदा त्यांनी डच भाषेत लक्ष घातलं. त्यांची मुलगी उन्नती नेदरलँड्समध्ये नोकरी करते. तिथल्याच रूबेनशी तिचं लग्न ठरलं, पण त्याची आई हेलेनाबाई इथे लग्नाला यायला तयार नव्हत्या. का, ते मुलालाही सांगत नव्हत्या.

"पत्रिका मोबाइलवर धाडली म्हंजे बोलावनं न्हाय. घरच्या मोठ्यानं तोंडानं सांगाया लागतं," काकांनी उन्नतीला सुनावलं. दुभाषाही चालणार नव्हता.

तिने एकच वाक्य दिलं. 'आल्स यू कॉम्ट, बेन इक ब्लै.' तुम्ही आलात तर मी खूश. पहिला अर्धा भाग काकांना लगेच पटला, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. पुढचं 'बेन इक' ऐकून मात्र ते भडकले.

"आधी 'आहे', मंग 'मी'? मी कोन ते कलायच्या आधीच हाय?"

"बाबा, 'जर', 'कारण' लागलं की त्यांचं क्रियापद मुकाट मागे जाऊन बसतं. एरवी पुढे घुसतं."

"धामणकर नाक्यावरची रिक्षा. हवालदार दिसला की मुकाट मागं, न्हाय तं पुढं," काका म्हणाले, आणि त्यांना ते कायमचं कळलं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. फोन धरायला मी, शेजारी; उन्नती तिकडून कॉलवर होती. काकांनी वाक्य खणखणीत म्हटलं. बाई म्हणाल्या, "नेय."

काका हसले. आमच्याकडे पहिलं 'नको' कोणी मनावर घेत नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा 'नेय'. पाचव्या वेळी उन्नतीने कपाळाला हात लावला.

"बाबा, त्या खरंच नाही म्हणताहेत!"

"तसं सगलेच म्हनतान."

सहाव्यांदा बाईंचा धीर सुटला. "ओमदात इक आलेन बेन!"

काकांनी फ्रिजवर चिकटवलेल्या वीस डच शब्दांतलेच हे चार. कारण, मी, एकटी, आहे. आपल्याच क्रमाने, एकही जागचा न हललेला. उन्नतीने तोंड उघडायच्या आत काकांचा चेहरा उतरला होता.

काकी जाऊन दोन वर्षं झालीत. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून तो मान त्यांनी धाकट्या भावाला दिला होता आणि कंबर दुखते असं गावभर सांगितलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"इक ऑक," ते म्हणाले. मी पण.

 बाईंनी लग्नाची तारीख विचारली.