आत्याच्या टिकल्या आणि अरबी समुद्र

आमच्या आत्याच्या कपाळावर उभ्या जन्मात कधी टिकली दिसली नाही. तिथे कुंकूच असायचं. टिकल्या असायच्या त्या अरबी समुद्रात. इंदापूरकडच्या तिच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे शाळेतला भारताचा नकाशा टांगलेला होता. समुद्रात वादळ उठलं की आत्या रोज सकाळी ते जिथे असेल तिथे एक लाल टिकली चिकटवायची. चार-पाच टिकल्या झाल्या की ते कुठून निघालं नि कुठे चाललंय हे भाकरी थापता थापता दिसायचं. टिकल्यांची पाकिटं सुनेची असायची. ती बिचारी दर बाजाराला नवं पाकीट आणायची.

हा नाद तिला लागला तो धाकट्या भावापायी, म्हणजे आमच्या बापूकाकांपायी. सुप्याकडचं आमचं घर मूळचं मेंढरांचं. माझ्या वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली, मी शिकून बारामतीत नोकरीला लागले, पण बापूकाकांनी कळप सोडला नाही. दिवाळी झाली की काकूला घेऊन ते घाट उतरायचे आणि भात काढलेल्या खाचरांत मेंढ्या बसवायचे. लेंडीखतासाठी कोकणातले शेतकरी त्यांची वाटच बघत असायचे. सगळा संसार उघड्यावर, आणि वादळांचे दिवसही नेमके तेच. “माजा भाव समुद्राच्या तोंडाशी बसतोय, मग त्या समुद्रावर नजर नगं ठिवाय?” आत्या म्हणायची.

कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याकडे राहिले. सातवी शिकलेली ही बाई सकाळी रेडिओ कानाशी धरून बसायची, पुढे मोबाईल आला तेव्हा त्यावर हवामान खात्याचं पत्रक वाचायला शिकली. अक्षांश-रेखांश ती पिठाच्या डब्याच्या झाकणावर खडूने लिहून ठेवायची. आतोबा तिला चिडवायचे, “बागेतल्या डाळिंबावर तेल्या रोग पडलाय त्यो दिसंना, आन् हिला ओमानचं वारं दिसतंय!” आत्या शांतपणे म्हणायची, “बागंला तुमी हाय की.”

एकदा मात्र तिचं चुकलं, आणि वाईट चुकलं. वादळ सरळ कोकणाकडे येत होतं. आत्याने चार टिकल्यांची रेघ बघून पाचवी टिकली आदल्या दिवशीच किनाऱ्यावर लावून टाकली आणि बापूकाकांना फोन केला, “आत्ताच्या आत्ता घाट चढ.” काकांनी थोरल्या बहिणीचा शब्द मोडला नाही. कळप घाटात असतानाच वादळ वळलं आणि ओमानकडे निघून गेलं. मागे राहिलेल्या ढगांनी घाटाला झोडपलं. आडोसा नव्हता. गारठ्याने कोवळी कोकरं गेली. पुढच्या भाऊबीजेला बापूकाका आले नाहीत. आत्या संध्याकाळपर्यंत ओवाळणीचं ताट झाकून बसून होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसरी कुणी असती तर नकाशा चुलीत घातला असता. आत्याने पुढच्या दिवसाची टिकली लावणं सोडलं. शेवटच्या टिकलीपुढे ती आता हळदीचं बोट ओढायची, जवळ अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारं. खात्याच्या नकाशावर वादळ जाऊ शकेल असा जो पट्टा दाखवतात, तोच हा. “मागच्या टिकल्या माज्या. फुडची हळद देवाची,” ती म्हणायची. “येवढ्यात कुटंबी जाईल. एकाच जागंवर बोट ठेवलं, हितंच चुकलं माजं.”

त्या भाऊबीजेनंतर काका घाट उतरून गेले आणि पुन्हा वादळ उठलं. रविवार होता, मी तिच्याकडे गेले होते. तवा तापून धूर निघाला तरी आत्या फोन हातात धरून बसलेली. पुन्हा चुकलं तर भाऊ कायमचा तुटेल, आणि गप्प बसलं तर भाऊच राहणार नाही. शेवटी तिने फोन लावला.

“आक्का, तुजं ऐकून कोकरं गेली माजी,” काका पलीकडून म्हणाले.

“गेली. माज्याच चुकीनं गेली,” आत्या म्हणाली. “आता घाट चढ म्हनत न्हाय मी. वादळ कुटं जाईल मला ठावं न्हाय, खात्यालाबी न्हाय. पन जितं जितं जाईल तितं नकाशावर हळद ओढलीया, आन् तू त्या हळदीत हायस बापू. येवढंच सांगते. खाडी सोड, डोंगराच्या अंगाला जा.”

पलीकडून फोन बंद झाला. आत्याने करपलेला तवा खाली उतरवला आणि रडली.

तिसऱ्या दिवशी काकांचाच फोन आला. ज्या खाचरात त्यांची पालं होती तिथे खाडीचं पाणी शिरलं होतं आणि बांधावरचा आंबा आडवा झाला होता. कळप डोंगराखालच्या एका गोठ्यात कोरडा होता. चैत्रात मेंढरं वर आली तेव्हा बापूकाका आधी इंदापूरला आले आणि पाटावर जाऊन बसले. आत्याने भर उन्हाळ्यात भाऊबीज केली. आतोबांनी तेवढ्यातही विचारलं, “आता दिवाळीचा फराळ कुटनं आनू?”

मागच्या पावसाळ्यात आत्या गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. दिवसकार्य झाल्यावर आतोबांनी तिचा फोन आणि गुंडाळलेला नकाशा माझ्या हातात दिला. नकाशा मी कपाटावर टाकला. उलगडायचा धीर होत नव्हता.

दिवाळी झाली. बापूकाका घाट उतरून गेले. समुद्रात वादळ उठलं होतं तेव्हा एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आत्याचा फोन वाजला.

“आक्का, टिकली कुटं हाय?”

मग पलीकडे नुसत्या मेंढ्या ओरडत होत्या. “चुकलो गं पोरी,” काका म्हणाले. “सवयीनं त्वांड बोललं.”

“काका, फोन ठेवू नका,” मी म्हणाले. नकाशा काढून ओट्यावर पसरला. आत्याच्या हळदीचे जुने पिवळे डाग तसेच होते. पत्रक शोधलं, अक्षांश-रेखांश दोनदा वाचले. घरात टिकल्यांचं पाकीट सापडेना, तेव्हा कपाळावरची काढून समुद्रात लावली. मग हळदीच्या डब्यात बोट बुडवलं आणि आत्या ओढायची तसं ओढलं. कमी पडायला नको म्हणून थोडं जास्तच रुंद ओढलं.

“काका, तुम्ही हळदीच्या बाहेर आहात.”

त्यांनी पलीकडे काकूला हाक मारून तेच सांगितलं. मग म्हणाले, “बरं झालं. उद्याबी सांगशील न्हवं?”