'क्ष' कुठे येतो

जामबागेतल्या आमच्या शाळेचे मराठी वर्ग बंद करायचे की नाही, यावर जुन्या शिक्षकांचं आणि विद्यार्थ्यांचं मत घेणार होते. मत देणाऱ्यांची यादी मीच केली. आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई मी. आडनावं अकारविल्हे लावून फोनवर टाइप करून दिली. लेकीने नाव शोधायचा प्रोग्रॅम लिहिला. "आई, यादी क्रमाने आहे ना? नक्की?" तिने विचारलं.

"हौ गं बाई! माझ्या क्रमावर शंका?"

तिने समजावलंही होतं. मशीन सगळी यादी वाचत बसत नाही, थेट मधलं नाव बघतं. आपलं नाव त्याच्या आधी येत असेल तर पुढची अर्धी यादी टाकून देतं, मग उरलेल्यातलं मधलं बघतं. मला कोण कौतुक! आमच्या अख्ख्या तारनाक्यात घरोघरी सांगत फिरले.

सभेच्या दिवशी दारात लेकच लॅपटॉप घेऊन बसलेली. माझं आडनाव 'क्ष'चं, यादीत तसं एकच. तिने टाइप केलं नि म्हणाली, "आई, तुझं नाव नाहीये."

"अगं, यादी मी केलीय! नीट बघ."

"तीनदा बघितलं. राहिलं असेल तुझ्याकडून. मशीन चुकत नाही."

चारचौघांत म्हणाली. पोटची पोर! चिटणीसांनी हात जोडले, "बाई, नाव नसेल तर मत नाही." मी मागच्या बाकावर जाऊन बसले. हात वर झाले, मोजले गेले, वर्ग बंद करायचं ठरलं. माझ्या एका हाताने ते वाचले नसते, ठाऊक आहे. पण मला तो वर करायचा होता हो!

चहाच्या वेळी लेकीने यादी शेवटपर्यंत सरकवली. मी होते. 'ह'च्याही खाली, वर्णमालेत 'क्ष' येतो तिथेच. मशीनच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क'ला चिकटलेला 'ष'. मधलं नाव 'प'चं निघालं, 'क' तर त्याच्या आधीचा, म्हणून मी होते ती अर्धी यादीच त्याने टाकून दिली.

"म्हणजे माझा कोड बरोबर होता," लेक सुटका झाल्यासारखी म्हणाली. "तुझाच क्रम चुकला."

माझा क्रम! परतताना रिक्षा काचीगुड्यापर्यंत आली. मग म्हटलं, "वर्णमाला म्हण." ती अडखळत 'ह'पर्यंत आली नि थांबली.

"पुढे आणखी असतं का?"

मराठीच्या बाईची लेक ना तू, असं फाडकन बोलणार होते. पण तिला इंग्रजी शाळेत मीच घातलं होतं.