पियानोतला बल्ब

आज दुपारी मरोळला रीटा टीचरना भेटून आले. तेव्हापासून चैन नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मी त्यांच्याकडे पियानो शिकले. सकाळी आम्हाला शिकवायच्या, दुपारी गोरेगावला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायच्या आणि मोठ्या हॉलमध्ये कॉन्सर्टही करायच्या. दमट हवेने पट्ट्या फुगू नयेत म्हणून पियानोच्या आत एक बल्ब कायम चालू असे.

एकदा त्या आठवडाभर गोव्याला गेल्या. सरावासाठी किल्ली माझ्याकडे दिली. पहिल्याच दिवशी निघताना मी घरच्या सवयीने सगळी बटणं बंद केली, बल्बचंही. नंतर कंटाळा केला, फिरकलेच नाही.

त्या परतल्या तेव्हा निम्म्या पट्ट्या अडकल्या होत्या. कॉन्सर्ट चार दिवसांवर होती. सरावाशिवाय त्या वाजवणार नव्हत्या. त्यांनी ती सोडली.

"बल्ब कोणी बंद केला?"

"लाईट गेली होती, टीचर."

"आठवडाभर?"

"हो."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

आता त्या अंथरुणावर आहेत. आज निघताना माझा हात सवयीने खोलीतल्या दिव्याच्या बटणाकडे गेला. मागून आवाज आला, "राहू दे गं. नाहीतर परत म्हणशील, लाईट गेली होती!" आणि हसल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी पुढे चार वर्षं त्याच पियानोवर मला शिकवलं.

मी स्वतः आता शिक्षिका. विद्यार्थ्यांचं खोटं जागच्या जागी पकडणारी मी, माफी न मागता चपला घालून जिना उतरले.

उद्या परत जातेय. चाळीस वर्षांनी सुरुवात कुठल्या वाक्याने करायची, सांगाल का कोणी?