पोचल्याशिवाय झाडायचं नाही

आमच्या घरातून कुणीच जात नाही. दूध आणायला निघालेला माणूससुद्धा उंबऱ्यात चपला शोधत 'येतो' म्हणतो आणि मग जातो. चुकून 'जातो' म्हटलं की आई अंगावर येते. हे सगळ्याच मराठी घरांत चालतं, मला ठाऊक आहे. पण बाकीच्यांवर ते एखाद्या यंत्राला समजावून सांगायची वेळ येत नाही. माझ्यावर आली.

माझी नोकरीच तशी आहे. पुण्याजवळच्या एका मोठ्या गोदामात बुटक्या, चपट्या गाड्या आपल्या आपण फिरतात, मांडण्यांखाली शिरतात आणि माल उचलून आणतात. त्या गाड्या, तिथले दरवाजे, वजनकाटे, कॅमेरे यांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं आणि कामं वाटून द्यायची, हे माझं काम. ते मी रिसोडच्या घरी, समोरच्या खोलीत बसून करते. लोकांना वाटतं, फार डोकं लागत असेल. तसं काही नाही. प्रत्येकाने बाकीच्यांना एवढंच सांगत राहायचं, की मी कुठे आहे, हातात कुठलं काम आहे आणि ते झालं की नाही. घोळ होतो तो यातलं काहीतरी सांगायचं राहून जातं म्हणून. माणसांच्या घरातही तेच होतं, फक्त तिथला घोळ निस्तरायला कुणी पगार देत नाही.

आईचे गुडघे कामातून गेले तेव्हा मी झाडणारं यंत्र आणलं. भाकरीच्या तव्याएवढं, काळं, गोल. मग टाकीची मोटर, गिझर, दिवे, फाटकावरचा कॅमेरा असं एकेक करत सगळ्यांना एकाच धाग्यात ओवलं. फळीवर एक बोलकी पेटी ठेवली. तिला सांगितलं, की ती बाकीच्यांना निरोप द्यायची. आईने सगळ्याला नाकं मुरडली. बाबा मात्र खूश. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊनही कंडक्टरच राहिलेले. मी लहानपणी पुस्तकावर डोकं ठेवून झोपले, की खांदा हलवून म्हणायचे, "उतरा, लास्ट स्टॉप."

"हा कोन?" त्यांनी त्या काळ्या तव्याकडे बोट दाखवून विचारलं.

"झाडणारा."

"म्हंजे क्लीनर. आन् ड्रायवर तू. मंग मी काय खाली उतरू? माही बी ड्युटी लाव त्याच्यात."

लावली. माझ्या पडद्यावर मोटर, गिझर, क्लीनर यांच्या रांगेत बाबांचा फोनही एक यंत्र म्हणून बसला. संध्याकाळी झाडांना पाणी, रात्रीचं फाटक, सकाळचं दूध, ही त्यांची कामं. पेटी आठवण करून द्यायची, काम झालं की बाबा तिला ओरडून सांगायचे, "डबल बेल!" तेवढ्यावर ती समजायची.

अडचण आली ती शब्दाची. घराबाहेर पडताना माणूस काहीतरी बोलेल, ते ऐकून कोण घरात आहे याचा हिशेब पेटी ठेवेल, सगळे बाहेर पडले की दिवे-पंखे बंद करेल आणि बाबा नसताना क्लीनर झाडून घेईल, असा माझा बेत. मी शब्द दिला होता 'जातो'. तो कुणी उच्चारेना. बाबा रोज 'येतो' म्हणून बाहेर पडायचे आणि पेटी त्यांच्यासाठी पाणी तापवायला घ्यायची. शेवटी मी हात टेकले. 'येतो' म्हणजे जाणं आणि 'आलो' म्हणजे येणं, असं तिला शिकवलं. उत्तर म्हणून 'या' म्हणायलाही शिकवलं, म्हणजे आईचं समाधान.

आईचं समाधान वगैरे काही झालं नाही. बाबा 'येतो' म्हणून फाटकाबाहेर पडले न पडले, तोच क्लीनर कोपऱ्यातून गुरगुरत निघाला. आईने त्याच्या वाटेत पाय आडवा घातला.

"हे काहून झाडून राह्यलं? मानूस आत्ता बाहेर पडला. मांगून झाडत असतेत काय?"

"बाबा घरात नसले की बरं पडतं. त्यांच्या पायात येत नाही."

"मानसाच्या मांगून लगेच कवा झाडतेत, तुले मालूम नाई?"

मालूम होतं. तिरडी उठल्यावर झाडतात. जिवंत माणसाच्या मागून झाडत नाहीत.

बाबा परत आल्यावर त्यांच्यापुढे खटला गेला. ते हसले. "आपन बौद्ध मानसं. आपल्यात हे काही नसते."

"तुमच्यात नसन," आई म्हणाली. "माह्या घरात असते."

तोड बाबांनीच काढली. "मानूस पोचल्यावर झाडू दे न मंग. गाडी पोचली, नोंद झाली, विषय संपला."

नियम सुटसुटीत होता. बाबा जातात त्या जागा मी नकाशात भरल्या. स्टँडसमोरचं चहाचं दुकान, जिथे त्यांच्यासारखेच निवृत्त कंडक्टर सकाळी जमायचे, बाजार, विहार, अनसिंगला आत्याचं घर. बाबांचा फोन त्यातल्या कुठल्याही जागी पोचला, की इकडे क्लीनर सुरू. त्याआधी नाही.

मग एक गंमत झाली. जिने पाय आडवा घातला होता, तीच क्लीनरची वाट पाहायला लागली. बाबा गेले की ती तांदूळ निवडायच्या निमित्ताने त्याच्यासमोर बसायची. तो हलला, की "पोचले," म्हणायची आणि उठून आपल्या कामाला लागायची. पोचल्याचा फोन करायला बाबा आयुष्यभर विसरले होते. आता त्यांना लक्षात ठेवायची गरजच राहिली नाही.

"आता आवडायला लागलं वाटतं झाडणं," मी चिडवलं.

"झाडनं नाई. खबर आवडते. तुह्या बापासारखं खोटं नाई बोलत ते."

त्या दिवशी बाबा आत्याकडे निघाले. आईने केलेल्या कुरडयांची पिशवी हातात होती. 'येतो' म्हणाले, पेटी 'या' म्हणाली. मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते, मी मान हलवली. गोदामात दोन गाड्या एका अरुंद गल्लीत समोरासमोर आल्या होत्या आणि दोघीही दुसरीने मागे सरायची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांच्यामागे बाकीच्या खोळंबल्या होत्या.

आई दारात आली. "क्लीनर हालला नाई अजून."

"वाशीमलाच गाडी बदलावी लागते आई. वेळ लागतो."

ती गेली आणि पुन्हा आली. "आतालोक हालाले पायजे होता."

"नेट गेलं असेल. मी बोलतेय ना इथे!"

तरी पाहिलं. नेट होतं. क्लीनरची बॅटरी भरलेली होती. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. फक्त बाबा पोचले नव्हते. नकाशावरचा त्यांचा ठिपका वाशीमच्या पुढे, अनसिंगच्या रस्त्यावर एका जागी उभा होता. "पंक्चर झालं असेल," मी म्हणाले. मग ठिपका हलला, पण उलटा. वाशीमकडे.

"मांग काहून फिरले?" आईने माझ्या खांद्यावरून पाहत विचारलं. मी काही बोलायच्या आत फोन वाजला. बाबांबरोबर प्रवासी जीपमध्ये बसलेला कुणी अनोळखी माणूस होता. छातीत कळ आली, बसल्या जागी मान टाकली, आम्ही दवाखान्यात घेऊन आलो, तुम्ही या, असं तो म्हणाला. 'या' तो फार हळू म्हणाला. त्यावरून मला कळलं.

मी मीटिंगमधल्या लोकांना सांगितलं, की डावीकडची गाडी हाताने मागे घ्या. आभार मानले आणि लॅपटॉप मिटला. डावीकडचीच गाडी, हे मला पक्कं आठवतं. त्यानंतरचं वाशीमपर्यंतचं काही आठवत नाही.

बाबा घरी आले, पण 'आलो' कुणी म्हटलं नाही. त्यांचा चष्मा, बंद पडलेला फोन आणि कुरडया वेगळ्या पिशवीतून आल्या. एकही कुरडई मोडलेली नव्हती. हे मी आत्याला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्रिसरण-पंचशील झालं, बाबांना उचललं, माणसं पाठोपाठ गेली. मी आईजवळ घरात थांबले. आत्याने डोळे पुसले, पदर खोचला आणि दारामागचा झाडू घेतला. आईने बसल्या जागेवरून तो धरला.

"झाडू नको. पोचले नाईत ते अजून."

"वयनी, असं काय करता?"

"क्लीनर हालला काय? नाई न? मंग?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. जणू निकाल माझ्याकडे होता. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मला फक्त तेवढंच जाणवत होतं. रडू येत नव्हतं. आत काही चालूच नव्हतं. आत्याने झाडू परत दारामागे ठेवला.

घर तसंच राहिलं. भेटायला येणाऱ्यांच्या पायांची माती, मेणबत्त्यांचं मेण, कुणाच्या तरी लेकराने सांडलेले मुरमुरे, सगळं जमिनीवर. आई भिंतीला टेकून क्लीनरकडे तोंड करून बसलेली. जेवायचं नाव काढलं, की "पोचू दे," म्हणायची. पाण्याचा घोट घ्यायची, तोही जबरदस्तीने. मी लॅपटॉप उघडला तर त्यावर एक चौकट आली: 'हा सदस्य प्रतिसाद देत नाही. त्याची कामे इतरांना वाटून द्यावीत का?' हे वाक्य माझंच. गोदामातली गाडी गप्प झाली की हीच चौकट येते आणि आम्ही चहा पीत पीत 'हो' दाबतो. मी 'नंतर' दाबलं. थोड्या वेळाने ती परत आली. परत 'नंतर'.

आत्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुही माय अशीच बसली तं हातची जाईन. एवढे मशीन चालवतं तू. त्या तव्याले सांग न, हाल मनाव."

सांगता आलं असतं. बाजूच्या खोलीतून एका बोटाने. आई 'पोचले' म्हणाली असती, जेवली असती, कुणालाही पत्ता लागला नसता. पण तिचा साऱ्या घरात विश्वास उरला होता तो त्या एका वस्तूवर, कारण ती खोटं बोलत नाही. त्या वस्तूलाही खोटं बोलायला लावलं असतं, तर आईला काहीच उरलं नसतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की बाबांना खरोखर पोचवावं लागेल.

राख सावडायच्या दिवशी मी 'येते' म्हणून पुरुषांबरोबर निघाले. कुणी नको म्हणालं नाही. मी बाबांचा फोन चार्ज करून ओढणीत धरला होता. राख वरून गार आणि आत कोमट होती. सगळ्यांचं आटोपत आलं तेव्हा मी बाजूला झाले, बाबांचा फोन सुरू केला आणि माझ्या फोनवरून त्यांच्या जागांमध्ये ही जागा भरायला घेतली. खूण बरोबर जागी पडली. खाली नाव मागितलं. नावाशिवाय जागा घेत नाही, हेही मीच ठरवलेलं. 'स्मशान' लिहायला बोट चालेना. मी लिहिलं, 'लास्ट स्टॉप'.

थोड्याच वेळात आत्याचा फोन आला. "अव पोरी, ते चालू झालं." मग म्हणाली, "तुही माय मने, पोचले."

मागून आईचं रडणं ऐकू येत होतं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्याखाली क्लीनरची गुरगुर होती, कोपऱ्याकोपऱ्यात थांबत जाणारी. मी फोन कानाला लावून ते ऐकत राहिले. मला बरं वाटलं, असं म्हणवत नाही. काहीतरी जागेवर बसलं, एवढं मात्र वाटलं.

परत निघताना मी बाबांचा फोन तिथेच बंद केला. तो चालू ठेवून घरात शिरले असते, तर घराला वाटलं असतं, ते आले.

घर लख्ख होतं. आत्या आईला वरण-भात भरवत होती. मी काही न बोलता आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले. लॅपटॉपवर ती चौकट होतीच. मी 'हो' दाबलं. पेटीने आपल्या त्याच आवाजात वाटणी वाचून दाखवली. सकाळचं दूध माझ्याकडे, रात्रीचं फाटक माझ्याकडे, झाडांना पाणी आईकडे.

आईने मान वर करून ऐकलं. मग हात धुतले, भिंतीचा आधार घेत उठली आणि बाबांची छोटी बादली शोधली. आत्या तिच्या मागे गेली. अंगण दोन पावलांवर, तरी आई उंबऱ्यात थांबली आणि घराकडे वळून म्हणाली, "येते."

"या," पेटी म्हणाली आणि तिने दिवा, पंखा, सगळं बंद केलं. मी घरात आहे हे तिला माहीत नव्हतं. आल्यावर मी सांगितलंच नव्हतं.

"आले," मी म्हणाले आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.