ओठांवरचा उपदेश

माझा आवाज असा, की उधन्यात दारात उभी राहून मी कुणाला हाक मारली तर तिकडे बारडोलीच्या साखर कारखान्यात पाळी सुटली समजून लोक डबे उचलायचे. यात अतिशयोक्ती असलीच तर एखाद्या कोसाची. पण हा आवाज आमच्या ह्यांच्या काही कामाचा राहिला नव्हता. खानदेशातून आल्यापासून त्यांनी जन्म लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काढला आणि लूमने त्यांचे कान खाल्ले. डॉक्टरांनी मशीन दिलं. ते कानात घातलं की लूमचीच खडखड मोठी ऐकू यायची. मग त्यांनी ते काढून टीव्हीवर ठेवलं. तिथे शोभून दिसतं.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी एका पत्र्याच्या हॉलमध्ये जमते, आणि भिंतीला भिंत लावून लूमचं खातं, म्हणजे कारखाना. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, शेठने नाही घेतला. त्यामुळे उपासना चालू असताना शेजारी धडाधड धडाधड. पाळकसाहेबांचं तोंड माइकच्या मागे. लूमवरचे आमचे पुरुष एका बाजूला बसून डोळे मिटायचे, म्हणजे झोपायचे.

आता लूमवर काम करणारा माणूस कानाने बोलत नाही. खात्यात तो ओठ वाचतो आणि हाताच्या खुणा करतो. मी त्याच खात्यात बॉबिन भरायला होते, मला ती भाषा पाठ. म्हणून मी बायकांच्या बाजूला कडेची जागा धरली, डोक्यावर पदर घेतला आणि समोर बसलेल्या ह्यांना उपदेश ओठांनी सांगू लागले. आवाज अजिबात नाही. पाप म्हणजे तुटलेला धागा, क्षमा म्हणजे मारलेली गाठ. देवाची मात्र पंचाईत झाली. वर बोट दाखवलं की हे पंख्याकडे बघायचे. शेवटी मी खात्यातली शेठची खूण घेतली, पोटावरून गोल हात फिरवायचा. हळूहळू ह्यांच्या शेजारचे बघू लागले, मग मागचे. वर्षभरात सगळे पुरुष पाळकांकडे कान आणि माझ्याकडे तोंड करून बसायला लागले. जुने पाळकसाहेब भले माणूस. मी मागे पडले तर पाणी प्यायच्या निमित्ताने थांबायचे.

ते बदलून गेले आणि नवे आले. वयाने लहान, शिकलेले, आणि सांगायला हवं की मनाचे चांगले. पण तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांच्या लक्षात आलं, की आपण विनोद सांगायच्या आधीच पुरुष हसतात. (मला आधीच कळायचा, माझा काय दोष.) त्यात त्यांनी मला पोटावरून हात फिरवताना पाहिलं आणि काय चाललंय ते कुणाला तरी विचारलं. त्यात पुन्हा, पतीपत्नीच्या कर्तव्यावरचा त्यांचा उपदेश झाल्यावर मंडळीतल्या बऱ्याच नवऱ्यांनी आठवडाभर भांडी घासली. पाळकसाहेब भांड्यांबद्दल काही बोललेच नव्हते. मी थोडं मीठ घातलं होतं.

त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं, चहा दिला आणि शास्त्र उघडलं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे, की मंडळीत बायकांनी गप्प राहावं. मी म्हटलं, मी गप्पच असते, उलट मी गप्प बसले म्हणून उधन्यात मंडळीने आनंदाने दिवे लावायला हवेत. ते हसले नाहीत. म्हणाले, प्रश्न आवाजाचा नाही. पुरुष तुमच्याकडून शिकतात, आणि बाईने पुरुषांना शिकवू नये असं आणखी एका पत्रात आहे. यापुढे केलंत तर तुम्हाला प्रभुभोजनाची भाकर देता येणार नाही. ह्यांच्याजवळ मंडळीच्या पंचांपैकी एकजण बसून कागदावर लिहून दाखवतील.

तसं झालं. पंच बिचारे एकेक अक्षर मोत्यासारखं काढायचे. शास्त्रातली सुटकेची गोष्ट सांगत पाळकसाहेब लाल समुद्र ओलांडून पार गेले तरी हे अजून मिसर देशात. दोन रविवार ह्यांनी कागद बघितला, तिसऱ्या रविवारी मान खाली घातली. मग म्हणाले, पाय दुखतात, येत नाही.

मी घरी येऊन सगळं सांगायला लागले, तर ते म्हणाले हे शिळं आहे. त्यांना सगळ्यांच्या बरोबर हसायचं होतं, सगळ्यांच्या बरोबर आमेन म्हणायचं होतं. पुढे जेवणाआधीची प्रार्थना बंद झाली. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

हे तुम्हाला कसं समजावू? धड कानाचा माणूस पाठ फिरवून पडला तरी तुम्ही त्याच्याशी बोलू शकता, रागवू शकता, रडू शकता. ज्याचे कान गेलेत त्याने भिंतीकडे तोंड केलं की दार बंद. मी त्यांच्या पाठीशी बसून ओरडले आहे. गोडादऱ्यापर्यंतची कुत्री भुंकली असतील. त्यांची पाठ हललीसुद्धा नाही. खांदा धरून वळवायला गेले तर त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटायला लागलं की हा माणूस असाच एक दिवस आतल्या आत संपेल, आणि देव आपल्याला विसरला असं समजून जाईल.

मी एकटी पाळकसाहेबांकडे गेले. या वेळी चेष्टा नाही. त्यांना म्हटलं, करिंथच्या त्याच पत्रात थोडं आधी लिहिलंय की बाईने प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. गप्पच बसायचं तर डोकं झाकायचं कशाला? ते म्हणाले, यावर मी पुष्कळ विचार केलाय. त्यांच्याकडे उत्तर होतं. चांगलं लांब होतं, मला अर्धं पटलंसुद्धा. मग ते म्हणाले की बायकांना काही शिकायचं असेल तर त्यांनी घरी नवऱ्याला विचारावं, असंही तिथे आहे.

"आणि नवऱ्यालाच ऐकू येत नसेल, तर त्याने कुणाला विचारावं?"

त्यांनी शास्त्र मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

"काकू, मला झोप लागत नाही यापायी. पण ते पान मी फाडू शकत नाही."

मी पाया पडायला वाकले. आमच्यात पाया पडत नाहीत. त्यांनी घाबरून मला उठवलं, पण हो म्हणाले नाहीत.

महिन्याचा पहिला रविवार आला, प्रभुभोजनाचा. ह्यांना मी कसंबसं उठवलं. सांगितलं, भाकर तोंडात घ्यायला कान लागत नाहीत. ते आले. समोर बसले. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली आणि बोलायला लागले. हे पंचांच्या कागदाकडे बघेनात, माझ्याकडे बघत राहिले, डबक्यातला मासा वर बघतो तसे. माझे हात पदराखाली होते. पाळकसाहेबही माझ्याकडेच बघत होते.

मी हात बाहेर काढले. ज्या रात्री प्रभूला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, मोडली, म्हणाला हे माझं शरीर. ओठांनी सगळं सांगितलं, एक अक्षर जास्त नाही, मीठ नाही. सगळी पुरुषांची बाजू माझ्याकडे वळली. पाळकसाहेब एक वाक्य चुकले, पण थांबले नाहीत.

भाकरीचं ताट फिरलं. ह्यांनी भाकर घेतली. ताट बायकांकडे आलं, माझ्यापाशी क्षणभर अडलं आणि माझ्या डोक्यावरून मागच्या रांगेत गेलं.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. मला भाकर का नाही दिली, असं ह्यांनी अख्ख्या मंडळीत अहिराणीतून विचारलं, "तुले काब नही दिनं?"

मंडळी माझ्या ओठांकडे बघत होती. मी म्हटलं, घरी सांगते.

घरी आल्यावर ते पलंगावर बसले आणि माझं तोंड नीट दिसावं म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा सारला. कित्येक आठवड्यांनी माझ्यासमोर बसले होते. मी सगळं सांगितलं, पत्र, पान, ताकीद. त्यांनी सगळं शेवटपर्यंत बघितलं.

"मंग मी बी लेवाव नही," म्हणाले. म्हणजे तेही भाकर घेणार नाहीत.

मी विनवलं, भांडले, शपथा घातल्या. तुमच्या भाकरीसाठी तर मी हे केलं ना. ते पुन्हा तेच म्हणाले.

आता दर रविवारी आम्ही जातो. मी कडेला बसते आणि ओठ हलवते. पाळकसाहेब मला अडवत नाहीत. जी शिक्षा होती ती देऊन झाली, आणखी त्यांच्याकडे नाही. हे समोर बसून माझ्याकडे बघतात, सगळ्यांबरोबर हसतात, आमेन म्हणतात. महिन्यातून एकदा ताट येतं. ह्यांच्यासमोर येतं तेव्हा ते हात गुडघ्यावर दाबून धरतात. तरी उजव्या हाताची बोटं थोडी उघडतात, मला समोरून दिसतं, आणि ताट पुढे गेलं की मिटतात.