मागच्या चाकातलं तेल

माझी जीप तेल गाळते हे माझ्याआधी गावाला कळलं. सकाळी गावातल्या पोरींना ब्रह्मपुरीच्या कॉलेजात न्यायला गाडी काढली की अंगणात काळा डाग राहायचा, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून मान हलवायचा. जसं काही मीच सांडून ठेवलं!

मग एक दिवस नाल्याच्या उतारावर ब्रेक मारला तर गाडी सरळ थांबायची सोडून डावीकडे ओढली गेली. मागे पोरी किंचाळल्या. संध्याकाळी एकीचा बाप दारात हजर.

"बाई, सोमवारपर्यंत गाडी ठीक नाई झाली तं माही पोरगी घरीच राहीन. राहू द्या ते कालेज."

एकीचं थांबलं की बाकीच्यांचे बाप काय करतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमच्या गावाला एसटी येते, पण कॉलेजचे अर्धे तास संपल्यावर.

गाडी मूळची मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा स्टेअरिंग मी धरलं. नवऱ्याला धानाच्या बांधीतून वर बघायला फुरसत नाही, म्हणून पान्हेही माझ्याच हाती आले.

गाडी डावीकडे ओढते म्हणजे उजवा ब्रेक पकडत नाही, म्हणून शनिवारी परत आल्या आल्या मागचं उजवं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं तेलानं माखलेलं. बोटावर घेऊन हुंगलं. ब्रेकचं तेल पातळ असतं. हे जाडसर, नासक्या अंड्याच्या वासाचं, म्हणजे एक्सलचं. चाक फिरवणारा दांडा जिथून बाहेर निघतो तिथे तेल अडवायला सील असतं. ते गेलं होतं. पण बाप्पा, ते तर नुकतंच बदललं होतं! गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन केला तर म्हणतो कसा, "दांडाच घासला असन, गाडी भंगारात देऊन टाका." डोकंच फिरलं माझं. गाडी त्याच्या बापाची होती काय?

म्हटलं, कोणी तेल जास्त तर नाही भरलं? मागच्या दोन चाकांच्या मधे तेलाचा लोखंडी डबा असतो, त्याचा बोल्ट सैल केला, तर फुस्स! टायरमधून निघावी तशी हवा. आत हवा कोंडलीच कशी? तापलेली हवा निघून जावी म्हणून वर एक छोटं भोक असतं. गाडीखाली सरकून हात लावला. भोकावर चिंधी, चिंधीवर खताच्या पिशवीचं प्लास्टिक, आणि वरून सुतळीची गच्च गाठ. हवेला वाट नाही, मग ती सीलमधूनच तेल ढकलणार की!

"मामाजी!" मी खालूनच ओरडले. "हे कोनं बांधलं?"

काठी टेकत आले. "म्याच बांधलो. नाल्याचं पानी आत जाईन ना वं."

"आन सोडाचं कोनं?"

इकडचे सगळे ड्रायव्हर पावसाळ्यात नाल्यात उतरण्याआधी ते भोक बांधतात आणि पलीकडे गेल्यावर सोडतात. मामाजींनीही जन्मभर तेच केलं. आता बांधणारे घरी राहायचे आणि गाठ माझ्यासोबत ब्रह्मपुरीला जायची.

"सांगाचं तं मले!"

"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, म्हातारा अजून नाक खुपसते." मग हळूच म्हणाले, "लेकरं असते गाडीत. मंधात बंद पडली तं?"

म्हटलंच असतं मी तसं, खोटं कशाला बोलू! राग आला होता, पण गाठ सोडून सुतळी त्यांच्याच हातात दिली.

दांडा ओढून काढला, अंगठा फिरवून पाहिला. कुठेही खाच नव्हती. मिस्त्रीच्या तोंडात माती. नवं सील लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हळूहळू ठोकून बसवलं. तेलात भिजलेले ब्रेकचे लायनर बदलले. भोकाला फवारणी पंपाची जुनी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेली. तिथवर पाणी चढलं तर जीप नाही, नावाड्याचा डोंगाच लागेल. नळी मामाजींनी शोधली, बांधलीही त्यांनीच. एक रात्र गाडी उभी ठेवली, अंगण कोरडं.

सोमवारी तो बाप स्वतःच समोरच्या सीटवर बसला. सगळ्या पोरी मागे, सीट घट्ट धरून. उतारावर मी ब्रेक मारला. गाडी जिथल्या तिथे, सरळ.

"आणखी एक डाव मारा," तो म्हणाला.

मारला. तशीच थांबली.

"झालं समाधान? उतरा आता. पोरींचा पहिला तास जाऊन राह्यला."

तो उतरला, दार लावलं, घराकडे चार पावलं गेला. मग वळून माझ्या खिडकीशी आला.

"बाई, औंदा माही लहानी दहावीत हाये. पुढच्या साली तिच्यासाठी जागा धरून ठेवजा."